सुंठीवाचून खोकला

"मी खोटं नाय बोलणार, भाऊ. वाईट वाटून घेऊ नका."

रूपेशने हे भगवंतला नाश्त्याच्या वेळी, वरच्या मजल्यावर चहाचा कप विसळता विसळता सांगितलं.

गोष्ट गेल्या महिन्यातली. कारखान्यातली ॲसिडची टाकी साफ करताना सुका नावाचा कामगार आत गुदमरला आणि गेला. टाकीत विषारी वायू नाही ना, हे तपासून मगच माणूस आत सोडायचा, आणि तशी सही करायची ती भगवंतने. त्या दिवशी त्याने खुर्चीत बसल्या बसल्या सही ठोकली होती. बघणारा एकटा रूपेश. उद्या चौकशी होती. नोकरी तर जाणारच, वर कोर्टकचेरी. साताऱ्याकडच्या गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

"सुकाची बायको, लाडकी, आमच्या दारात येऊन रडली, भाऊ. तिला काय सांगू मी?"

तेवढ्यात प्रीतम आला. बिहारकडचा नवा गडी, बोईसरात येऊन त्याला जेमतेम महिना झालेला, मराठीचा गंध नाही.

"साब, आप नहीं खाएँगे?"

"डबा खाली है," भगवंत म्हणाला. डबा खाली मोटारसायकलला लटकत राहिला होता.

प्रीतमचा चेहरा कसानुसा झाला. मुकाट्याने त्याने आपल्या दोन पराठ्यांतला एक भगवंतपुढे सरकवला. रूपेश पोट धरधरून हसला.

"अवो भाऊ, तुमी हिंदी नका बोलू! लोक भीक घालतील तुमाला!"

भगवंतही हसला.

आज तीच टाकी पुन्हा धुवायची होती, आणि आत उतरणार होता रूपेश. या खेपेला भगवंतने वायू दोनदा तपासला, मगच सही केली. रूपेश शिडीने तळाशी उतरला. टाकीच्या तोंडाशी ज्ञानेश राखणीला बसला. भगवंत दुसऱ्या मजल्यावरच्या जाळीवर जाऊन उभा राहिला. तिथून सगळं दिसायचं.

बाराला काम संपायचं आणि मग टाकीत ॲसिड सोडायचं, असा शिरस्ता. बारा वाजून गेले तरी रूपेश वर आला नव्हता. अशात हा मेला ज्ञानेश तंबाखूची पुडी आणायला म्हणून उठला आणि कुठे कडमडला कोण जाणे. त्याच वेळी प्रीतम आला. टाकीपाशी कोणी नाही, म्हणजे काम आटपलं, असं त्याने धरलं आणि ॲसिड सोडायच्या नळाच्या चाकावर हात ठेवला.

भगवंतने ते पाहिलं आणि त्याच्या मनात पाप आलं.

त्याला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. चूक ज्ञानेशची, हात प्रीतमचा. उद्या चौकशीत बोलायला कोणीच नाही. सुंठीवाचून खोकला गेला! त्याने जाळीचा कठडा घट्ट धरला. चाक जाम होतं. प्रीतम दोन्ही हातांनी जोर लावत होता. जिना उतरून धावण्याइतका वेळ भगवंतने तिथेच घालवला.

मग त्याला लाडकी आठवली. प्रेताजवळ बसलेली, नवऱ्याच्या पायांची बोटं चोळणारी. आपण माणूस आहोत की राक्षस?

"अरे ए! प्रीतम!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

प्रीतमने वर पाहिलं. पंख्यांच्या घरघरीत काही ऐकू येईना. त्याने चाकावरचा हात काढून कानाला लावला.

"रूपेश खाली है!" भगवंतने टाकीकडे बोट दाखवलं. "खाली है! अभी खाली है!"

प्रीतमने मान डोलावली आणि अंगठा दाखवला.

भगवंत मटकन जाळीवरच बसला. गुडघे लटलटत होते. वाचला! देवा, वाचला रे! त्याला हुंदकाच फुटला. आता काय व्हायचं ते होवो. उद्या रूपेशने तोंड उघडायच्या आधी आपणच सगळं कबूल करायचं, लाडकीचे पाय धरायचे. महिनाभराचं ओझं उतरलं. डोळे मिटून, पाठीमागच्या पाइपाला टेकून तो बसून राहिला.

पाइप थरथरायला लागला.

आधी त्याला ती आपलीच थरथर वाटली. मग खालून किंकाळी आली. एकच.

तो धडपडत जिना उतरला तोवर चाक बंद झालं होतं. ज्ञानेश पुडी हातात घेऊन तसाच उभा होता. भोवती माणसं जमली होती. उद्याची चौकशी त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. प्रीतम जमिनीवर बसून कपाळ बडवून घेत होता. भगवंतला पाहताच तो त्याच्याकडे बोट करून सगळ्यांदेखत ओरडला,

"आप ही ने तो बोला था, साब! टाकी दिखाके बोला था... खाली है!"