तिसरी चूक

मजकूर आपल्याबद्दल आहे हे कळायच्या आत तिने त्यातल्या दोन चुका काढल्याही होत्या. 'सुचना'तला सु दीर्घ हवा. 'माहीती'तली ही ऱ्हस्व हवी. मग तिने तो नीट वाचला.

'सुचना: नव्या गटाची माहीती दुरुस्तीबाईंना देऊ नये. आपल्या जुन्या मैत्रीणीला दुखवायचा हेतू नाही, पण त्या चारचौघांत सगळ्यांच्या चुका काढतात.'

दुरुस्तीबाई म्हणजे तीच. खाली नेहमीची ओळ होती: सगळ्यांना पाठवायचंय, जरा नजर घाल.

पाठवणारी तिची टेबलाशेजारीण. छापखान्यात बावीस वर्षं दोघी एकाच टेबलावर बसल्या. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसरीने प्रूफ तपासायचं. छापखान्याला कुलूप लागलं, कामं घरी आली आणि चौदा मुद्रितशोधकांचा फोनवरचा गट हेच त्यांचं टेबल झालं. शेजारीण त्या गटाची कारभारीण. पण चार ओळी लिहिल्या तरी आधी हिच्याकडे पाठवायची. आजही हात सवयीने तिकडेच गेला होता.

गट तीन दिवस का गप्प होता, ते आता कळलं. घरात जाऊ होती, पण दोघींचं बोलणं गॅस आणि दूध यांच्यापलीकडे जात नसे. दिवसभर गप्पा, थट्टा, भांडण, सगळं त्या तेरा जणांशी.

तिचा उतरलेला चेहरा पाहून जावेने फोन हातातून घेतला, वाचला आणि म्हणाली, हे जुन्या गटावर टाका, सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील. हिने फोन परत घेतला, बोट तिकडे गेलंही. पण गेल्या महिन्यात एकाने वडील गेल्याचं कळवलं, तेव्हा हिने आधी 'दुःखद'मधला विसर्ग दाखवला होता. सांत्वन मागाहून. जित्याची खोड. त्या दिवशीही गट असाच गप्प झाला होता आणि हिला वाटलं होतं, सगळे शोकात आहेत. आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने बोट मागे घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारीणच.

"चुकून आलं गं तुझ्याकडे," ती म्हणाली.

"तीन चुका आहेत," ही म्हणाली आणि पहिल्या दोन सांगितल्या. पलीकडे बटणांचा आवाज आला. बावीस वर्षांची सवय, शेजारीण खरंच दुरुस्त करत होती.

"आणि तिसरी 'मैत्रीणीला' ना?" तिने हळूच विचारलं. "'त्री'ची वेलांटी ऱ्हस्व करू?"

"वेलांटी राहू दे. तो शब्दच काढ."