मखमलीवरचा बाण

सात नंबरच्या खाटेला बरोबर चार वाजता कंठ फुटत असे.

"काका, जागे आहात?" निळ्या पडद्यापलीकडून कुजबुज आली.

"पाय टांगून ठेवलेला माणूस झोपेल कसा? बोला."

इस्पितळात त्यांना सगळे पडदेवाले काकाच म्हणत. एका बंगल्यात पडद्याची दांडी बसवताना शिडी घसरली आणि मांडीचे हाड मोडले, त्यास आज दहावा दिवस होता. पायाला वजने बांधलेली असल्याकारणाने कुशीवर वळणेही त्यांच्या नशिबी उरले नव्हते. दोन खाटांमधला पडदा डाव्या अंगाला, केवळ हातभर अंतरावर होता. परंतु ते हातभर अंतर त्यांना ओलांडता येत नव्हते.

चार ते सहा ही भेटीची वेळ. कोणाची सून डबा घेऊन येई, कोणाचे नातू थेट खाटेवर चढत. आठ नंबरच्या खाटेकडे, म्हणजे काकांकडे, कोणीही वळत नसे. शस्त्रक्रियेच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी, म्हणून डॉक्टर अडून बसले, तेव्हा "माझं कोणी नाही" एवढेच त्यांनी सांगितले होते. दोन दिवसांनी सिस्टर म्हणाली, "झालं काका सहीचं." कसे झाले, हे विचारण्याचे बळ त्यांच्या अंगी नव्हते.

अशा परिस्थितीत सात नंबरच्या शेजाऱ्याचा त्यांना फार मोठा आधार वाटे. सकाळी हा गृहस्थ अगदी निपचित असे. औषधाची गुंगी असावी, असा काकांचा तर्क होता. जेवणाची गाडीही त्याच्याकडे थांबत नसे. घसा बिघडलेला, तेव्हा नळीतूनच अन्न जात असेल बिचाऱ्याला. कुजबुजण्यापलीकडे आपल्याला बोलता येत नाही, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकले होते.

"तुमच्याकडेही कोणी फिरकत नाही वाटतं?" काकांनी तेव्हा विचारले होते.

"घरचे बोलत नाहीत माझ्याशी."

"मग जमलं आपलं," काका म्हणाले होते, आणि खरोखरच जमले होते.

आज मात्र काकांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. उद्या सकाळी शस्त्रक्रिया होती.

"भीती वाटते का?" शेजाऱ्याने विचारले.

"भीती कसली? उभा जन्म कात्रीत गेला माझा. दाराचा पडदा, खिडकीचा पडदा, न्हाणीघराचा, नाटकाचा. तुमच्या-माझ्या मधला हासुद्धा माझ्याच हातचा असेल एखादे वेळी. डॉक्टर म्हणतो, कानालाही पडदा असतो. तेवढा एक सोडून सगळे शिवले."

पलीकडे हसू दाबल्यासारखा आवाज झाला. "आणि भांडणावर टाकतात तो?"

काकांनी नजर छतावरच्या पंख्याकडे वळवली.

"तो नाही जमला," ते अखेर म्हणाले. "सांगूनच टाकतो. उद्याचा काय भरवसा. बावीस वर्षांपूर्वी एका नाट्यगृहाचा पडदा शिवायला घेतला होता. लाल मखमल. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला की एक रंग, उलटा फिरवला की दुसरा. म्हणून कापण्याआधी मागच्या बाजूला खडूने बाण काढायचा, लव कुठे जाते ते दाखवणारा. बाण मी काढायचो, कात्री मुलगा चालवायचा. एकोणीस वर्षांचा होता."

"मग?"

"उद्घाटनाला दिवे लागले, आणि अर्धा पडदा लाल, अर्धा काळपट. माणसं हसायला लागली. मी तिथेच, सगळ्यांदेखत, मुलाला म्हणालो, पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही. तो तसाच उठून गेला."

"चूक त्याचीच होती ना?" कुजबुज आली, परंतु किंचित उशिराने.

"महिन्याभराने त्यातला उरलेला तुकडा हाती लागला. त्यावरचा बाण लवेच्या उलट होता. बाण माझा." काकांनी हवेत बोटाने उलटा बाण काढला. "कापताना त्यानं तो पाहिलाच होता, आणि उलटा आहे हे दिवे लागले तेव्हा त्याला कळलंच असणार. तरी चार लोकांत एका शब्दानं बोलला नाही. आणि मी शोधायलाही गेलो नाही. तोंड पाहणार नाही म्हणालो, खरं तर दाखवायला मलाच तोंड नव्हतं."

पलीकडे फरशीवर काहीतरी खरकन सरकले.

"बरं वाटत नाही का?" काकांनी काळजीने विचारले.

"घसा," शेजारी म्हणाला. मग पुन्हा कुजबुज आली. "तो आला तर?"

"नाही यायचा. माझाच मुलगा तो. दिला शब्द मोडायचा नाही, दुसऱ्याचासुद्धा." काकांनी डोळे पुसले. "अहो, जरा पडदा सारा की. इतके दिवस बोलतोय, तुमचं तोंडही पाहिलं नाही मी."

पडद्याची कड पलीकडून कोणी मुठीत धरल्यासारखी ताणली गेली.

"उद्या," कुजबुज आली. "तुम्ही उद्याही असंच म्हणालात तर."

सहाची घंटा झाली, आणि नेहमीप्रमाणे सात नंबर शांत झाला.

सकाळी स्ट्रेचर आले. दोन खाटांच्या मध्ये ते मावेना, म्हणून सिस्टरने निळ्या पडद्याला हात घातला.

"हळू," काका पुटपुटले. "झोपले असतील ते."

"कोण?"

"सात नंबरवाले."

पडदा सर्रकन बाजूला झाला. समोर उघडी लोखंडी खाट होती. तिच्यावर गादी नव्हती, उशी नव्हती. मधली पट्टी तुटून लोंबत होती. अलीकडे, पडद्याला अगदी खेटून, एक स्टूल होते.

"ही खाट महिनाभर मोडून पडलीय, काका," स्ट्रेचर आत घेत सिस्टर म्हणाली. "तुमचा मुलगा बसतो ना इथे रोज चार ते सहा, ज्यानं सही केली तो? मी कितीदा म्हटलं, अहो, पलीकडे जाऊन बसा की. तर म्हणतो, बाबांनी माझं तोंड पाहणार नाही असं सांगितलंय."