भगवंतरावांची व्हॅन

या बाप्पा, असे जरा जवळ सरकून बसा. टाळ-मृदंग लागायला अजून अवकाश आहे. तोवर अकोटच्या एका हट्टी व्हॅनची गोष्ट सांगतो.

शेखरनं पंधराव्यांदा किल्ली फिरवली. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र. सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला. समोर डॅशबोर्डवर बसलेला पितळी गणपती जागचा हलला नाही. वडिलांनी, भगवंतरावांनी, तो स्क्रूनं पक्का बसवला होता.

ओसरीवर त्याची आई, पार्बताबाई, नऊवारी नेसून, चिपळ्या मांडीवर घेऊन बसली होती. संध्याकाळी सहाला मूर्तिजापूरच्या देवळात तिचं कीर्तन होतं. भगवंतराव गेले त्याला तेरा महिने झाले, तेव्हापासून ती कीर्तनाला उभी राहिली नव्हती. बावीस वर्षं त्यांनी याच व्हॅनमधून तिला गावोगाव नेलं होतं. आता शेखरनं पुण्याहून येऊन, चार दिवस मागे लागून तिला तयार केलं. तिची अट एकच. जाईन तर त्यांच्याच गाडीत.

आणि गाडी ही अशी.

"राहू दे शेखर," ती म्हणाली. "त्यायच्या मनातच नाही. ते नाही म्हणून राहिले, तुले ऐकू येत नाही काय?"

हेच त्याला नको होतं. गाडी आज निघाली नाही तर आई चिपळ्या पुन्हा देव्हाऱ्यात ठेवणार, आणि त्या तिथून पुन्हा निघणार नाहीत. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नवी बॅटरी टाकून झाली होती. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं होतं. एअर फिल्टर झाडून झाला. शेवटी त्यानं एसटी स्टँडमागच्या नत्थुजी मिस्त्रींना आणलं. नत्थुजींनी प्लग काढला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि म्हणाले, "मार सेल्फ." ठिणगी नाही. कॉइल बदलली. तरी ठिणगी नाही. मग त्यांनी तपासायचा छोटा दिवा कॉइलच्या वायरीला लावला. दिवा लागला नाही.

"इथपावतर करंटच येऊन नाही राहिला," ते म्हणाले. "भगवंतभाऊनं चोर बटण तं नव्हतं बसोलं? ते बंद असलं का सेल्फ कितीही मारा, गाडी उचलत नाही."

"या डबड्याला चोर कशाला येतोय काका?"

"तेही खरंच हाये म्हना." नत्थुजींनी तरी सीटखाली हात घातला, गियरपाशी चाचपलं. लोक तिथंच बसवतात. काही नव्हतं. "मंग मधात वायर तुटली. पुरा डॅशबोर्ड खोला लागन. आज तं काही होत नाही, परवा पाहू."

साडेतीन वाजले होते. शेखरनं बॉनेट आपटून बंद केलं. पुण्यात तो कारखान्यांतल्या मोठमोठ्या यंत्रांचे दोष शोधून द्यायचा, आणि इथं बापाची गाडी त्याला दाद देत नव्हती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची दिवाळी त्याला उगाच आठवली. भगवंतराव नेहमीसारखे गणपतीला हात जोडून किल्ली लावत होते. हा म्हणाला होता, "बाबा, गाडी पेट्रोलवर चालते, नमस्कारावर नाही." भगवंतराव हसले होते. "पाहू," एवढंच म्हणाले होते.

पार्बताबाई चिपळ्या फडक्यात गुंडाळू लागली.

"तो गणपती तेवढा काढून आण," ती म्हणाली. "बंद गाडीत काहून बसवाचा त्याले? घरात ठेवू."

शेखर पाना घेऊन सीटवर बसला. स्क्रूचा नट डॅशबोर्डच्या आतून होता. त्यानं खालून हात घातला. पुरेना. आणखी वाकला. कपाळ गणपतीच्या पायांना टेकलं, तेव्हा कुठं बोटं पोचली. नटाच्या शेजारी एक बटण होतं. खट्कन दबलं.

तो उठून बसला आणि किल्ली फिरवली.

व्हॅन खोकली, धूर सोडला आणि चालू झाली.

नत्थुजींनी आत डोकं घालून पाहिलं आणि हसतच सुटले. "तीस वर्सं गाड्या खोलल्या, पन चोर बटण अशा जागी नाही पाह्यलं. म्हंजे चोरालेही पाया पडल्याबिगर गाडी नेता येणार नाही."

पार्बताबाई व्हॅनपाशी आली. तिनं दारावर हात ठेवला. गाडीची थरथर तिच्या बांगड्यांत उतरली.

"तू ते बोलून गेला ना," ती म्हणाली, "त्या दिवाळीपासून ते लय खाली वाकाले लागले. पार डोकं टेकोत. मले वाटे, पोराच्या वाटचाही नमस्कार करून राहिले."

शेखरनं किल्ली उलटी फिरवली. इंजिन बंद पडलं.

"आता काहून बंद केली बाप्पा?" नत्थुजींनी विचारलं.

"मघाशी चुकून वाकलो होतो," शेखर म्हणाला. त्यानं बटण बंद केलं, गणपतीला हात जोडले आणि पुन्हा वाकला.

बाप्पाहो, उद्या गाडीला किल्ली लावाल तेव्हा एक क्षण थांबा, आणि आमच्या भगवंतरावांची आठवण काढा.