पहिला नियम

आमोदनं आयटीतल्या दगदगीतून सुट्टी काढली आणि आईबाबांना घेऊन कॅरिबियन बेटावर जायचं ठरवलं. तिथं समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचे, तर आधी इथं, सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये सराव करायला हवा होता.

"बापाला बुडवायला इतक्या लांब कशाला न्यायचं?" दीनानाथ म्हणाले. "खडकवासला काय आटलंय?"

तरी उतरले. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. शिकवणाऱ्या मुलीनं पहिलाच नियम बजावून सांगितला, "काका, पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा."

दीनानाथ खाली गेले. आमोद काठावरून बुडबुड्यांची वाट बघत राहिला, पण एकही वर आला नाही. मुलीनं घाईघाईनं त्यांना वर काढलं. पुन्हा गेले, पुन्हा तेच.

आमोद चिडलाच. "अहो बाबा, टाकीत भरपूर हवा आहे! श्वास का रोखून धरताय?"

दीनानाथ काठ धरून धापा टाकत होते. नजर मात्र खाली, पाण्यातच.

"पानशेतच्या पुरात पाणी गळ्याशी आलं, तेव्हा मी आमच्या सुमनला म्हटलं होतं, डोक्यावरून गेलं तर श्वास रोखून धर, मी दोर घेऊन आलोच."

आत्या पुरात गेली, एवढंच आमोदला ठाऊक होतं.

"फार ऐकायची रे माझं. अजून तशीच रोखून बसली आहे," दीनानाथ म्हणाले. "तिच्यादेखत मी कसा घेऊ?"