न आपटणारं दार

लेक दाराबाहेर उभी राहिली ती राहिलीच.

"अगं, ये की आत. आता काय बँडबाजा लावू तुझ्यासाठी?" आई म्हणाली.

आईने कॉटवर आधीच बैठक मारली होती. गादी दाबून झाली, नळ सोडून झाला, पडद्याचं कापडही दोन बोटांत धरून पारखून झालं. नावं ठेवायला काही सापडेना, तसा तिचा जीव कासावीस झाला. शेवटी म्हणाली, "साबणाला जागा नाही." जागा होती. बेसिनच्या मागेच.

"ती बघा, आजी," आर्किटेक्ट पोरगी म्हणाली.

"दिसली. डोळे आहेत मला."

ही पोरगी लेकीच्याच वयाची. घरदार नसलेल्या बायकांसाठी ही इमारत तिने बांधली, पण आधी सगळ्यांना, त्या राहायच्या त्या जुन्या हॉलमध्ये गोल बसवून विचारलं होतं, कशाची भीती वाटते, काय हवं. बाकीच्या जमिनीकडे बघत बसल्या. आई बोलली. स्वतःचं बोलली, शेजारणीचं बोलली आणि लेकीचंही बोलली. "तिला काय विचारता? मला विचारा, जन्म मी दिलाय. या हॉलचं लोखंडी दार दिवसभर आदळतं आणि ही त्याच्याकडे टक लावून बसते, घाबरून. नव्या घरात दार आपटायला नको. आणि शेजारची रडारड ऐकू यायला नको. रडून रडून कान किटले."

पोरीने दोन्ही ऐकलं, दोन्ही केलं.

"हे खास तुमच्यासाठी," पोरगी आता बाहेर उभ्या लेकीला म्हणाली आणि उघड्या दारावरचा हात काढून घेतला. दाराच्या माथ्यावर एक जाडसर लोखंडी दांडा बसवलेला होता. दार आपलं आपण निघालं, सावकाश आलं, चौकटीपाशी जरासं थबकलं आणि लागलं. आवाज म्हणून नाही.

"माझ्या सुनेच्या तोंडाला असला दांडा बसवला असता," आई म्हणाली, "तर माझ्यावर ही वेळ आली नसती."

पोरगी हसत दार उघडायला गेली. उघडलं तर लेक समोरच्या भिंतीला पाठ टेकून, गाठोडं छातीशी धरून उभी होती.

चाव्यांचा जुडगा घेऊन व्यवस्थापक बाई आल्या. त्यांच्यामागे बाकावर चार बायका आपापली बोचकी सांभाळत बसल्या होत्या, या दोघी काय करतात ते बघत.

"मावशी, आवरा. तुमची कॉट तुमची आहे. पण ही आत येत नसेल, तर हिची कॉट मला आत्ता दुसरीला द्यावी लागेल."

"येतेय ती. लाजतेय."

"हॉल संध्याकाळी पाडायला घेतायत. तिथे परत जाता यायचं नाही."

आई उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली, ती तिने कोणाला दिसू दिली नाही. बाहेर जाऊन लेकीचं मनगट धरलं आणि ओढलं. हात आला, पाय आले नाहीत.

"चार माणसांत शोभा करू नकोस माझी," आई दातांवर दात ठेवून म्हणाली. "पुलाखाली कसली दारं होती गं? तिथे बरी झोपायचीस."

"दारं नव्हती म्हणून," लेक म्हणाली.

आर्किटेक्ट पोरगी जवळ आली. "ताई, तुम्हीच सांगा. काय झालं?"

"तिला काय कळतंय, तिचं..."

"आजी. त्यांना बोलू द्या."

आईला मध्येच थांबवणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. ती इतकी चकित झाली की थांबली.

लेकीने दाराच्या माथ्यावरच्या दांड्याकडे पाहिलं. "नवरा दार कधी आपटायचा नाही," ती म्हणाली. "असंच लावायचा. हळूच. मी चुलीशी असायचे, वळून बघायचे तर लागलेलं असायचं." मग म्हणाली, "हॉलचं दार वाजायचं ते मला आवडायचं. कोणी आलं, कोणी गेलं, कळायचं."

बाकावरची एक बाई आपलं बोचकं उगीचच सोडून पुन्हा बांधत बसली.

पोरीचा चेहरा उतरला. "हा दांडा काढता येईल?" तिने व्यवस्थापक बाईंना विचारलं.

"मला काय विचारता? तुम्हीच लावलाय. आग लागली तर धूर अडायला हवा, म्हणून सगळी दारं आपोआप लागली पाहिजेत. एक जरी काढला तरी इमारत बंद करतील."

"मी वर बोलते. काहीतरी मार्ग काढते."

"आज?"

"आज नाही होणार."

आई दार ढकलून खोलीत गेली. ते उघडं धरून वळली आणि दारामागे उभी राहिली.

"कोण म्हणतं आपटत नाही?" ती म्हणाली. "हातात जोर पाहिजे. ऐक गं, आता कसं आदळतं ते ऐक. अख्खी इमारत हलेल."

तिने दोन्ही तळवे दाराला लावले आणि खांद्यापासून, कमरेपासून, होता नव्हता तो सगळा जोर काढून ढकललं. दांड्याने तो सगळा पिऊन टाकला. दार आपल्याच चालीने निघालं. फटीत आधी गाठोडं दिसेनासं झालं, मग अर्धा चेहरा, मग एकच डोळा राहिला.

"आई," लेक म्हणाली.

चौकटीपाशी जरासं थबकून दार लागलं.

बाहेर चपला वाजतील म्हणून आई दाराला कान लावून उभी राहिली. काही ऐकू आलं नाही. दारही जाड होतं आणि भिंतीही. तिनेच मागितल्या होत्या.