कोपऱ्यावरचा दगड

“मावशी, खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी,” कामाला येणारी मालन म्हणाली. “तुमचे भैयासाहेब नगर निगमच्या साहेबांबरोबर चहा पीत होते. समोर नकाशा पसरलेला. आणि बोट कुठे, तर तुमच्या घराच्या कोपऱ्यावर!”

मटार सोलता सोलता इरावतीबाईंचा हात थांबला. “काय म्हणत होते?”

“‘हा कोपरा नकाशावर नीट चढवून घ्या भिया, विसरू नका.’ एवढंच ऐकलं. मला बघितलं आणि गप्पच झाले.”

देवासच्या या भागासाठी पुढच्या वीस वर्षांची विकास योजना तयार झाली होती. सोमवारी साहेब जागेवर पाहणी करणार, मग बैठकीत ती मंजूर होणार. त्यात गल्ली रुंद व्हायची होती, म्हणजे एका बाजूची घरं जाणार. एका बाजूला इरावतीबाई, बरोबर समोर त्यांचे सख्खे थोरले भाऊ भैयासाहेब. बहीणभावांत प्रेम राहावं म्हणून वडिलांनी समोरासमोर घरं दिली होती. प्रेम कसलं राहतंय! नळाच्या पाण्यावरून एकदा वाजलं ते वाजलंच. कित्येक वर्षं भाऊबीजसुद्धा नाही.

आता मामला सरळ होता. भैयासाहेबांचं घर वाचलं तर बाईंचं जाणार.

“चौकातल्या शेंदऱ्या भेरूजींच्या दगडासाठी रस्ता मुकाट वळवला मेल्यांनी,” बाई कडाडल्या. “देवाला हात लावायची छाती नाही, म्हातारीचं घर पाडायला मात्र सगळे शूर!”

पुण्याला अनीशचा फ्लॅट होता, तो बोलवतही होता. पण मुलाच्या घरी पाहुणी म्हणून मरायची बाईंची तयारी नव्हती. मरायचं तर इथंच, खिडकीतून टेकडीवरचे देवीचे दिवे बघत.

त्या दिवसापासून बाई खिडकीशीच बसल्या. संशय घेण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं, शाळेत तीस पोरांच्या कॉप्या पकडल्या होत्या त्यांनी. दुसऱ्याच दिवशी फळ मिळालं. पहाटे भैयासाहेब घरातून निघाले, हातात डबी. इकडे तिकडे बघितलं. बाईंच्या कोपऱ्याशी उकिडवे बसले, हात हलला, आले तसे परत गेले.

गाडीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून वडिलांनी त्या कोपऱ्यात दगड पुरला होता. बाईंनी जाऊन त्यावर बोट फिरवलं. तेलकट, लाल. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण लाल न ओळखण्याइतका नाही. मागच्या गल्लीत पाडायच्या घरांवर निगमने असंच लाल फासलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खा भाऊ!

दुधाच्या दुकानात गाठ पडली तेव्हा बाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. “काय भैयासाहेब, पहाटे फिरायला निघता हल्ली?”

भैयासाहेबांनी झटकन हात खिशात घातला. बोटांची टोकं लाल होती. “डॉक्टरने सांगितलंय.”

“माझ्याच कोपऱ्यापर्यंत?”

त्यांनी दुधाची पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “इरू, सोमवारी साहेबांपुढे तू काही बोलू नकोस. तू मास्तरीण, तुझ्या तोंडून भलतंच निघायचं.”

“का? भीती वाटते?”

“वाटते,” भैयासाहेब म्हणाले आणि पिशवी उचलून चालते झाले.

वा रे भाऊ! वर तोंड करून कबूलही करतो!

सोमवारी बाई त्यांच्याही आधी उठल्या. घासलेटची जुनी बाटली काढली, काथ्या घेतला आणि दगड घासायला बसल्या. थराखाली थर निघत होते. किती दिवस चाललं होतं हे, देव जाणे. एक चकचकीत कपटा हाताला चिकटला, गुटख्याच्या पुडीचा असणार. दोन बादल्या पाणी ओतल्यावर वडिलांनी पुरला होता तसा काळा दगड वर आला. बाईंनी आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसल्या आणि दारात उभ्या राहिल्या. आता बघू म्हणावं कुणाचं घर जातं ते!

साहेब नकाशा घेऊन आले, मागून दोन माणसं. समोरचं दार उघडलं. भैयासाहेब धूतवस्त्र नेसून बाहेर आले, हातात ताट, ताटात नारळ आणि झेंडूची फुलं. माझं घर पडायच्या आधीच नारळ फोडतोय, बाईंच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी तरारलं.

भैयासाहेब कोपऱ्यापाशी आले आणि जागीच थिजले. ओल्या दगडाकडे बघितलं, मग बहिणीच्या हातांकडे. घासलेटचा वास अजून गेला नव्हता.

साहेबांनी नकाशा बघितला, दगड बघितला, पुन्हा नकाशा बघितला.

“क्यों भिया, भेरूजी कहाँ गए? तुमने तो कहा था, बहन की दीवार से लगके भेरूजी बैठे हैं, इधर हाथ मत लगाना, सड़क के लिए मेरा मकान ले लो.”