हे देऊळ नाही

"आई, हे देऊळ नाही. चपला घाला बघू," मुकुंदराव दबक्या आवाजात म्हणाले. चार जुलैची सुट्टी, त्यामुळे फिलाडेल्फियातली स्वातंत्र्याची जुनी घंटा बघायला ही गर्दी. कशीबशी रांग दाराशी पोचली, तर सासूबाई अनवाणी.

त्यांनी एक चप्पल दाराशी ठेवली आणि दुसरी पार कुंडीपलीकडे, म्हणजे जोड कुणी उचलायला नको. "एवढी माणसं उन्हात घंटेसाठी ताटकळलीत आणि म्हणे देऊळ नाही. तुम्ही पूर्वी पाहिलीये ना? मग थांबा इथेच, लक्ष ठेवा. नव्या आहेत."

पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून साहेब झालेले मुकुंदराव चपलांपाशी मुकाट उभे राहिले. मागच्या गोऱ्या आजोबांनी सासूबाईंचे पाय पाहिले, चपला पाहिल्या, मुकुंदरावांचा गंभीर चेहरा पाहिला. इथला नियमच दिसतोय, असं समजून त्यांनीही बूट काढले आणि "थँक यू, सर" म्हणत आत गेले. त्यांचं पाहून मागच्यांनी काढले. मुकुंदराव "नो, नो" म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण?

बऱ्याच वेळाने सासूबाई कुरकुरत बाहेर आल्या. "घंटेला केवढा तडा गेलाय हो. वर वाजवूही देत नाहीत." मग पायापाशी पसरलेले बूट बघून त्या थबकल्याच.

"एक मिनिट, आई," मुकुंदराव वरही न बघता म्हणाले, आणि समोरच्या गोऱ्या बाईंना इंग्रजीत समजावू लागले, "एक इथे ठेवा, दुसरा कुंडीपलीकडे. जोड कुणी नेत नाही."